वाचकांचे प्रश्न : थायलंडचा दहा नंबर, तीरासिल डांगडा

आग्नेय आशियातल्या फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांत एकाच नावाचे प्रश्न इतके निघाले की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी : तीरासिल डांगडा, जन्म 6 जून 1988, बँकॉक. उंची 181 सेंटिमीटर, उजव्या पायाचा. थायलंडकडून 64 आंतरराष्ट्रीय गोल, आणि आग्नेय आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे जिला सगळे एएफएफ कप म्हणतात तिच्यात, 25 गोल. हा त्या स्पर्धेचा विक्रम आहे.

2007 मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केलं असं वाचलं. मग सिटीच्या एकाही सामन्यात तो का नाही? मालकाची नुसती हौस होती का? (पुणे)

हौस होतीच. त्या वर्षी थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांनी क्लब विकत घेतला आणि वर्ष संपायच्या आत तीन थाई खेळाडू करारबद्ध झाले : तीरासिल, सुरी सुखा आणि किआतप्रावुत साइवेओ. पण गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. त्या काळात युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला इंग्लंडमध्ये कामाचा परवाना हवा असेल तर दोन अटी होत्या. एक, त्याचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये हवा. दोन, मागच्या दोन वर्षांत देशाच्या वरिष्ठ संघाच्या अधिकृत सामन्यांपैकी किमान 75 टक्के सामने तो खेळलेला हवा. थायलंड 70 च्या जवळपासही नव्हतं, आणि तीरासिल तेव्हा 19 वर्षांचा, राष्ट्रीय संघात नुकता आलेला. म्हणजे दोन्ही अटींवर नापास. असामान्य गुणवत्तेच्या नावाखाली समितीपुढे अपील करण्याची सोय होती, पण त्यासाठी दाखवायला काही तरी लागतं.

परवाना नाही म्हणजे अधिकृत सामना नाही. फार तर सराव. म्हणून त्याला 2008 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रासहॉपर क्लबकडे लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, पाठवलं. तिथे तो राखीव संघातच राहिला. दरम्यान थाकसिन यांनी क्लब अबू धाबीच्या मालकांना विकला, आणि थाई खेळाडूंत रस असलेलं कुणी सिटीत उरलंच नाही. 2009 मध्ये तो थायलंडच्या मुआंगथोंग युनायटेड क्लबकडे परतला. 19-20 व्या वर्षी स्ट्रायकरला सर्वांत जास्त गरज असते ती खऱ्या सामन्यांतल्या मिनिटांची, आणि नेमकी तीच त्याला मिळाली नाहीत. आमच्या मते सिटीचा करार ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत गाजलेली आणि सर्वांत निरुपयोगी गोष्ट.

आता नियम बदलले आहेत. ब्रेक्झिटनंतर गुणांची पद्धत आली, 15 गुण लागतात, आणि 2023 पासून गुण कमी पडणाऱ्या मोजक्या खेळाडूंसाठी क्लबांना वेगळ्या जागाही मिळाल्या आहेत. तरीही पहिल्या 50 मध्ये नसलेल्या देशाच्या खेळाडूला राष्ट्रीय संघातल्या सामन्यांचे गुण मिळत नाहीत. एखाद्या भारतीय खेळाडूला इंग्लंडमध्ये चाचणीला बोलावल्याची बातमी वाचाल तेव्हा हे आठवा. चाचणीला परवाना लागत नाही, खेळायला लागतो.

स्पेनमध्ये त्याने इतके कमी सामने का खेळले? तिथे तर परवान्याचा प्रश्न नव्हता. (सोलापूर)

परवान्याचा नव्हता, जागेचा होता. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, क्लबला 25 खेळाडूंची नोंद करता येते आणि त्यात युरोपीय संघाबाहेरचे तीनच चालतात. आल्मेरियाने 2014-15 च्या हंगामासाठी तीनपैकी एक जागा तीरासिलला दिली, तीही लोनवर. 23 ऑगस्ट 2014 रोजी एस्पान्योलविरुद्धच्या 1-1 बरोबरीत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. ला लीगात खेळणारा तो पहिला थाई.

पण आल्मेरिया हा तळाशी झगडणारा संघ होता. असा संघ पुढे एकच स्ट्रायकर ठेवतो आणि त्याच्याकडून मागतो ते लांब चेंडू अंगावर घेणं, बचावपटूंशी झुंजणं, फाउल मिळवणं. तीरासिलचा खेळ वेगळा : तो खाली उतरून चेंडू घेतो, एका स्पर्शात परत देतो आणि मग मोकळ्या जागेत धावतो. त्यासाठी आजूबाजूला पुढे येणारे दोन-तीन साथीदार लागतात. स्वतःच्या गोलसमोर नऊ जण उभे करणाऱ्या संघात ते कुठून येणार?

एक दिवस मात्र जमला. 5 डिसेंबर 2014 रोजी कोपा देल रे या स्पॅनिश कपात रिआल बेतिसविरुद्ध 4-3 असा विजय मिळाला आणि त्यात त्याचा गोल होता. त्याच महिन्यात प्रशिक्षक फ्रान्सिस्को यांची गच्छंती झाली. नव्या प्रशिक्षकाने हंगामाच्या मधोमध संघ वाचवायला घेतला की तो अनोळखी लोन-खेळाडूवर मिनिटं खर्चत नाही. परदेशी खेळाडूची तीनपैकी एक जागा अडलेली, ती हिवाळी खिडकीत, म्हणजे हंगामाच्या मध्यावर खेळाडू बदलता येतात त्या काळात, मोकळी करणं क्लबला सोयीचं. थाई लीगचा हंगाम तेव्हा फेब्रुवारीच्या सुमारास सुरू व्हायचा, म्हणजे मुआंगथोंगलाही तो त्याच वेळी हवा. फेब्रुवारी 2015 मध्ये लोन अर्ध्यावर संपलं. लीगचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

गोव्यात 2020-21 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बंगळुरूकडून खेळलेला क्लेटन सिल्वा थायलंडमध्ये तीरासिलबरोबर होता म्हणतात. खरं का? (मडगाव)

खरं आहे, आणि आधी ते प्रतिस्पर्धी होते. 2012 च्या थाई लीगमध्ये दोघांचे 24-24 गोल, सर्वाधिक गोलांचा मान विभागून. पुढे हा ब्राझिलियन मुआंगथोंगला आला आणि 2016 मध्ये दोघं एकाच आघाडीत खेळले. त्या हंगामात क्लेटन सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि मुआंगथोंग विजेता. ऑक्टोबरमध्ये राजे भूमिबोल यांचं निधन झालं, शेवटच्या फेऱ्या रद्द झाल्या आणि अव्वल असलेल्या मुआंगथोंगला विजेता घोषित केलं गेलं. क्लेटन नंतर बंगळुरूकडे आणि तिथून ईस्ट बंगालकडे गेला. 2022-23 च्या आयएसएलमध्ये 12 गोलांसह तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता.

या जोडीकडे पाहिलं की थाई फुटबॉलचं एक जुनं दुखणं कळतं. क्लबांना परदेशी खेळाडूंच्या ठरावीक जागा मिळतात, आणि क्लब त्यातली पहिली जागा हमखास स्ट्रायकरवर खर्च करतो, कारण गोल विकत घेणं हा सर्वांत जवळचा रस्ता. 2015 मध्ये बुरीराम क्लबच्या दिओगोने 33 गोल केले, 2017 मध्ये बँकॉक युनायटेडच्या द्रागान बोश्कोविचने 38. तीरासिलच्या 2012 नंतर सर्वाधिक गोलांचा मान पुन्हा थाई खेळाडूला मिळाला तो थेट 2022-23 मध्ये, बुरीरामच्या सुपाचाई चाइदेडला, 19 गोलांसाठी. मधली दहा वर्षं थाई फॉरवर्ड बाजूला, विंगवर किंवा बाकावर. तीरासिल टिकला कारण परदेशी नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, मागे दुसरा स्ट्रायकर म्हणून खेळायला तो शिकला. क्लेटनसारखा गोलसमोर घर करून बसणारा साथीदार असेल तर हा मागे सरकून त्याला चेंडू पुरवतो. आयएसएलमधल्या भारतीय स्ट्रायकरांची रड तुम्हाला माहीत आहेच. फरक इतकाच की थायलंडने निदान एक माणूस यातून काढला.

2014 आणि 2018 च्या एएफएफ कपात तो नाही. दुखापत होती का? (नाशिक)

नाही. ही स्पर्धा फिफाच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात बसत नाही, त्यामुळे खेळाडू सोडणं क्लबांवर बंधनकारक नाही. आशियाई कपासाठी सोडावंच लागतं, एएफएफ कपासाठी मनावर. 2014 ची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली तेव्हा तो आल्मेरियात. वर सांगितलेला बेतिसविरुद्धचा गोल त्याच दिवसांतला. इकडे थायलंडने किआतिसुक सेनामुआंगच्या प्रशिक्षणाखाली 2002 नंतर पहिल्यांदा तो कप जिंकला, त्याच्याविना. 2018 ला तो जपानमध्ये होता. त्या वेळी पूर्व तिमोरविरुद्धच्या 7-0 सामन्यात अदिसाक क्रायसोर्नने एकट्याने सहा गोल केले.

म्हणून त्याच्या नावावर विजेतेपदं तीन : 2016, 2020 आणि 2022. यातली 2020 ची स्पर्धा महामारीमुळे प्रत्यक्षात डिसेंबर 2021 मध्ये सिंगापूरला झाली, आणि तिथेच त्याने सिंगापूरच्या नोह आलम शाहचा 17 गोलांचा विक्रम मोडला. पंचवीस गोलांची फोड हवी असेल तर : 2008 मध्ये 4, 2012 मध्ये 5, 2016 मध्ये 6, 2020 मध्ये 4, 2022 मध्ये 6. या पाचही वेळा तो सर्वाधिक गोल करणारा होता, काही वेळा विभागून. 2016 चे सहा पाहण्यासारखे आहेत. साखळीत इंडोनेशियाविरुद्ध तीन, उपांत्य फेरीत म्यानमारमध्ये दोन, अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात परत इंडोनेशियाविरुद्ध एक. परतीच्या सामन्यात पेनल्टीही त्यानेच घेतली, ती गोलरक्षक कुर्निया मेइगाने अडवली. तोवर सिरोच चत्थोंगने दोन गोल करून काम उरकलेलं होतं, म्हणून ती चुकलेली पेनल्टी फारशी कुणाला आठवत नाही.

थायलंडकडून खेळाडू म्हणून किआतिसुकचे 71 गोल, पियापोंग पिउ-ऑनचे 70 आणि तीरासिलचे 64. म्हणजे तो तिसराच ना? (ठाणे)

आकड्यांनी तिसरा. पण तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्या. 2001 च्या आधी दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडा स्पर्धेत, म्हणजे सी गेम्समध्ये, देशांचे वरिष्ठ संघ खेळायचे आणि ते गोल पूर्ण आंतरराष्ट्रीय धरले जायचे. 2001 पासून तिथे 23 वर्षांखालचे संघ आले. पियापोंग आणि किआतिसुक या दोघांना तिथल्या दुबळ्या संघांविरुद्ध दर दोन वर्षांनी गोलांची कमाई होत असे. तीरासिलने 2007 चं सी गेम्सचं सुवर्णपदक जिंकलं, पण त्यातला एकही सामना त्याच्या वरिष्ठ आकड्यांत नाही. उलट बाजूही आहेच : किआतिसुकच्या काळात वर्षाला इतके मैत्रीपूर्ण सामने होत नसत. निव्वळ गोल नव्हे, कुणाविरुद्ध हे पाहायचं असेल तर 15 नोव्हेंबर 2016 चा बँकॉकमधला सामना पाहा. विश्वचषक पात्रतेत ऑस्ट्रेलियाशी 2-2, थायलंडचे दोन्ही तीरासिलचे, एक पेनल्टीवर.

भारताविरुद्ध त्याने गोल केला होता, तरी थायलंड 4-1 ने का हरलं? (नागपूर)

6 जानेवारी 2019, अबू धाबी, आशियाई कप. सुनील छेत्रीने 27 व्या मिनिटाला पेनल्टीवर आघाडी दिली. सहाच मिनिटांनी तीरातोन बुनमातानच्या फ्री किकवर तीरासिलने हेडरने बरोबरी साधली. कर्णधारही तोच होता. विश्रांतीनंतर थायलंडची बचावफळी वर सरकून उभी राहिली आणि पाठीमागे मोकळं रान राहिलं. उदांता सिंग आणि आशिक कुरुनियन यांना नेमकं तेच हवं होतं. 46 व्या मिनिटाला पुन्हा छेत्री, मग अनिरुद्ध थापा, मग जेजे. 1964 नंतर आशियाई कपातला भारताचा तो पहिला विजय. थायलंडने दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक मिलोवान रायेवाच यांना काढलं, आणि गंमत म्हणजे पुढे बाद फेरी गाठली ती थायलंडनेच. भारत साखळीत बाहेर.

जपानमध्ये तो यशस्वी म्हणायचा की नाही? (डोंबिवली)

हिरोशिमात हो, शिमिझूत नाही.

जपानच्या जे-लीगने 2012 पासून थायलंडच्या लीगशी भागीदारी केली आहे आणि भागीदार देशांच्या खेळाडूंना परदेशी कोट्यात सवलत दिली आहे. म्हणजे थाई खेळाडू घेतला तर क्लबची ब्राझिलियनची जागा जात नाही, शिवाय थायलंडमध्ये प्रक्षेपणाला आणि जर्सीला गिऱ्हाईक मिळतं. स्पेनमध्ये जी अडचण होती ती इथे मुळातच नाही. 2018 मध्ये सानफ्रेचे हिरोशिमाने त्याला लोनवर घेतलं. 24 फेब्रुवारीला पहिल्याच सामन्यात कोन्साडोले सप्पोरोविरुद्ध 1-0, गोल तीरासिलचा; समोरच्या संघात दुसरा थाई, चनातिप सोंगक्रासिन. जे-वनमध्ये, म्हणजे जे-लीगच्या अव्वल विभागात, गोल करणारा तो पहिला थाई. हंगामभरात लीगचे 6 गोल झाले. कमी वाटतील, पण मुख्य स्ट्रायकर ब्राझीलचा पात्रिक होता आणि तीरासिल बऱ्याचदा उत्तरार्धात यायचा. संघ दुसरा आला. लोन कायम मात्र झालं नाही, कारण तिशीतल्या खेळाडूसाठी क्लब हात आखडता घेतात.

2020 मध्ये शिमिझू एस-पल्सने त्याला पूर्णपणे घेतलं. पहिल्याच सामन्यात एफसी टोकियोविरुद्ध गोल, आणि लगेच महामारीने लीग जुलैपर्यंत बंद. पुढे दर तीन-चार दिवसांनी सामना, नवी पद्धत, हरणारा संघ, हंगाम संपायच्या आत प्रशिक्षक बदललेला. 32 वर्षांच्या पायांना हे झेपलं नाही. तिथून तो थायलंडच्या बीजी पाथुम युनायटेड क्लबला आला आणि 2020-21 चं थाई लीगचं विजेतेपद मिळवलं. त्या वर्षी थायलंडचा हंगाम महामारीमुळे मार्च 2021 पर्यंत लांबला होता, त्यामुळे जपानचा हंगाम संपवून येऊनही त्याला अर्धी लीग खेळता आली. एरवी हे शक्य नव्हतं.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर फॉरवर्ड सगळे गोलकडे तोंड करूनच चेंडू मागतात. तीरासिलसारखं खाली येऊन खेळणं कसं शिकवावं? (कोल्हापूर)

तीन भाग वेगळे करा : बघणं, सोडणं, धावणं.

मांडणी अशी. गोलपासून 25 मीटरवर एक शंकू, तो म्हणजे बचावपटू. त्याच्या 8 ते 10 मीटर पुढे, मैदानाच्या मध्याकडे, चेंडू देणारा. बाजूला 6 मीटरवर आधार देणारा तिसरा खेळाडू. फॉरवर्ड शंकूला चिकटून उभा. चेंडू देणाऱ्याने मान वर केली की फॉरवर्डने चार-पाच मीटर खाली यायचं, येताना दोनदा खांद्यावरून मागे पाहायचं, एका स्पर्शात चेंडू तिसऱ्याकडे सोडायचा आणि वळून जवळच्या पोस्टकडे धावायचं. तिसरा त्याला शंकूच्या मागे पास देतो, दोन स्पर्शांत शेवट. सहा वेळा एक फेरी, चार फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती. दोन्ही बाजूंनी करा.

बिघडतं ते असं. चेंडू पायाखाली अडकतो, कारण खेळाडू धावतच राहतो. चेंडू येण्याआधी शेवटचं पाऊल आखूड टाकून थांबायला शिकवा. परतीचा पास मंद जातो, कारण तो बोटांच्या टोकाने ढकललेला असतो. पायाची आतली बाजू आणि घोटा घट्ट. तिसरी चूक सर्वांत वाईट : पास सोडला की फॉरवर्ड तिथेच उभा राहून पाहतो. तीरासिलच्या गोलांचे व्हिडिओ पाहताना चेंडूकडे नव्हे, त्याच्या सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन पावलांकडे पाहा. आणि खूप लवकर धाव घेतली तर ऑफसाइड, म्हणून आधी आडवी धाव, पास निघताना उभी.

दोन आठवड्यांनी शंकूच्या जागी खरा बचावपटू उभा करा, पण पहिल्या दिवशी त्याला चेंडू हिसकावायला देऊ नका, फक्त पाठीवर हात आणि दाब. पावसाळ्यानंतर मैदान खडबडीत असेल तर एका स्पर्शाऐवजी दोन चालतील. उडालेल्या चेंडूवर एका स्पर्शाचा हट्ट धरला तर पोरं खाली यायचंच टाळतात.

त्याच्या जर्सीवर आडनाव का नसतं? आणि महिला संघातली डांगडा कोण? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

थायलंडमध्ये माणसाला औपचारिक ठिकाणीही पहिल्या नावानेच ओळखतात, म्हणून पाठीवर तीरासिल. चाहते त्याला 'मुई' म्हणतात, ते घरचं नाव. तानीकार्न डांगडा ही त्याची बहीण, तीही फॉरवर्ड. 2019 च्या महिला विश्वचषकात ती थायलंडच्या संघात होती.